बालाघाटावरचं सातशे वर्षांचं वर्ष

घड्याळ घरी ठेवा, पंचांग तेवढं बरोबर घ्या. या वाटेवर महिने सरळ पुढे चालतील, श्रावणामागून भाद्रपद, कार्तिकामागून मार्गशीर्ष. साल मात्र वाटेल तशी उडी मारेल. बीड जिल्ह्याच्या डोंगरातली माणसं मोकळ्या वेळात काय करत आली हे बघायचं तर असंच जावं लागतं. इथे मोकळा वेळ सालाने मिळत नाही, महिन्याने मिळतो.

भूगोल थोडक्यात. जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी आणि तिच्या काठची काळीभोर गंगथडी. तिथून दक्षिणेकडे निघालात की जमीन उठते, घाट लागतो आणि बालाघाटाचं पठार सुरू होतं. मांजरा इथेच पाटोद्याच्या बाजूला उगम पावते, बिंदुसरा इथूनच खाली बीड शहरात उतरते. सह्याद्रीची उंची या डोंगराला नाही, पाऊसही नाही. गिर्यारोहकांच्या पुस्तकात त्याला अर्ध्या पानाची जागा मिळाली तर भाग्य. पण वरच्या माणसाला ‘घाटावरचा’ म्हणतात, आणि ते म्हणताना खालच्याच्या आवाजात थोडी कीव असते, थोडी भीतीही. माती पातळ, पाणी कमी, पाय मात्र भक्कम.

श्रावण शुद्ध पंचमी, १९५७. निजामाचं राज्य जाऊन नऊ वर्षं झालीत आणि मराठवाडा नुकता मुंबई राज्यात आलाय. तुम्ही पाटोदा तालुक्यातल्या एका वाडीच्या कडेला, वडाखाली उभे आहात. फांदीला बांधलेला दोर बघा. तो मोटेचा नाडा आहे. पावसाळ्यात मोट बंद, म्हणून विहिरीवरचा नाडा सुटून झोक्याला लागलाय. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्यात, पावलांत पावलं अडकवलेली, लुगड्याचे ओचे खोचलेले. एकीने गुडघे वाकवून रेटा दिला की दुसरी वर जाते, मग उलट. चार-सहा रेट्यांत झोका असा चढतो की एका टोकाला माहेरची घरं पायाखाली येतात आणि दुसऱ्या टोकाला दरी.

“पाव्हणं, बाजूला व्हा की! लाथ बसंल!”

तुम्ही मागे सरता. खाली रांगेत उभ्या असलेल्या पोरी हसतात. कुणी फुगडी धरलीय, कुणी सासूच्या नावाने उखाणा रचतेय, आणि एक म्हातारी, जिला वाटलं होतं की आपण नुसतं बघायला आलोय, ती पदर खोचून पुढे होते.

आज जमीन उकरायची नाही. विळा चालवायचा नाही, भाजी चिरायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून घरोघर दिंड उकडलेत. नागाला इजा होऊ नये, हे त्यामागचं सांगितलं जाणारं कारण, आणि ते खरंही असेल. पण झोक्याखाली थोडा वेळ उभं राहिल्यावर मला त्याचा दुसरा उपयोग जास्त दिसतो. ज्या बाईला वर्षभर कुणी बस म्हणत नाही, तिची खुरपणी, चिरणी आणि भाजणी एका दिवसासाठी देवाने बंद केली. रजा मागायची सोयच नव्हती, तेव्हा ती पंचांगात छापून ठेवली गेली.

पंधरवड्यात, श्रावणातल्या एका सोमवारी, साल मात्र २०२४. तुम्ही सौताड्याला आहात. जामखेडकडून गाड्या येतायत, बीडकडून येतायत, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कोळशावर कणसं भाजली जातायत. विंचरणा नदी इथवर शेतातून गुमान येते आणि मग जमीनच संपते. पाणी थेट दरीत पडतं, तळाला रामेश्वराचं देऊळ. पायऱ्या उतरून खाली गेलात की तुषार अंगावर येतात, कपडे ओले होतात आणि मोबाइल खिशात जातो. हा या जागेचा मोठा गुण. वर मात्र कठड्यापलीकडे पाय टाकून फोटो काढणारे आहेतच. त्यांना ओरडणारा एक मावळतीकडचा म्हातारा दिवसभर उभा असतो आणि कुणी त्याचं ऐकत नाही.

दरीच्या भिंतीकडे बघा. काळ्या खडकाचे थर एकावर एक बसलेत. हे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे लाव्हाचे लोट. तिथवर उडी मारता येईल, पण मारू नका. पायाखाली आग, आणि खेळायला कुणी नाही.

त्यापेक्षा इथेच दगडावर बसलेल्या चौघा पोरांशी बोला. एकाच मोटारसायकलवरून आलेत. धबधब्याखाली डोकं धरून झालंय, आता भेळ चाललीय.

“दरवर्षी येता का?”

“येतो की. आता नाय तर कवा? दसरा झाला की जायचंच हाय.”

कुठे जायचंय हे ते सांगत नाहीत, तुम्हीही विचारू नका. इथे ते प्रत्येकाला ठाऊक असतं. ऊसतोडीला. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाने आषाढात, फार तर श्रावणात उचल दिलेली असते आणि तिच्यातलेच पैसे या भेळेला लागलेले असतात. बालाघाटावरून लाखोंनी माणसं अशी जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. विंचरणेला पाणी असतं तेव्हा वाड्या भरलेल्या असतात. ती आटायला लागते, कड्यावर नुसता ओला पट्टा राहतो, तोवर घरांना कुलपं लागलेली असतात आणि ओट्यावर एक आजी, दोन नातवंडं. धबधबा बघायला बाहेरून येणाऱ्याला हा योगायोग कळत नाही. त्याला वाटतं, ही माणसं कायमच इथे भेळ खात बसतात.

भाद्रपदात फार थांबायचं नाही. पालीच्या बिंदुसरा धरणाच्या सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की बीडकर ‘चादर’ बघायला सहकुटुंब निघतात. पुरात भिजलेलं शहर वरून येणाऱ्या पाण्याला भ्यायला हवं, पण कोरड्या वर्षांची आठवण इतकी पक्की आहे की पाणी दिसलं की आधी आनंदच होतो.

आश्विन. आता मोठी उडी : चौदावं शतक. धुळीचा लोट दिसतोय ना, तो मुहम्मद तुघलकाच्या लष्कराचा. वारंगळच्या बाजूने सुलतान परततोय, प्रकृती बिघडलेली. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की बीडजवळ त्याचा एक दात पडला आणि त्याने तो समारंभाने पुरून वर घुमट बांधायला लावला. करजनीजवळच्या डोंगरावर ती वास्तू अजून आहे. आज पोरं दुपारी तिथे चढतात, सावलीत बसतात, चारी बाजूंचा मुलूख बघतात. बालाघाटावर माणसं चढली ती एरवी गुरांमागे, देवासाठी, नाहीतर शत्रूवर नजर ठेवायला. दातापायी डोंगरमाथ्यावर इमारत बांधणारा हा एकच, आणि सहलीचं ठिकाण म्हणून तिच्यात काहीच खोट नाही.

घुमटाचं काम चाललंय तोवर तुम्हाला भूक लागते. उतारावर तुम्ही सवयीने सीताफळ शोधता. मिळणार नाही. बोरं हिरवी आहेत, आवळे धरतायत, टेंभुर्णी आहे, धावडा आहे. सीताफळाचं झाड नाही. ते मूळचं अमेरिकेतलं, आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून हिंदुस्थानात आलं असं मानतात. त्याला अजून दीड-दोनशे वर्षं अवकाश आहे. ज्या झाडावाचून बालाघाट डोळ्यांपुढे येत नाही, ज्याच्या फळाला २०१६ साली ‘बीडचं सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, ते इथे पाहुणं आहे. आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७च्या सुमारास धारूरला किल्ला बांधायला घेतला, तेव्हाही ते बहुधा वाटेतच कुठेतरी असेल.

म्हणून आश्विन तोच ठेवा आणि १९६८च्या धारूरला उतरा. किल्ल्याची तटबंदी ढासळलीय, खंदकाकडच्या उतारावर शेळ्या चरतायत, आणि शाळा बुडवून आलेली गुराखी पोरं तुम्हाला अजिबात घाबरत नाहीत. डोळे उघडलेलं सीताफळ कसं ओळखायचं ते एक जण दाखवतो : खवल्यांच्या मधली फट पांढुरकी-पिवळट झाली की ते उतरवायचं. डोळे न उघडलेलं असेल तर काटक्यांची आगटी पेटवून तिच्यात सारायचं. साल करपते, आत गरम गोड लगदा. हात भाजत खायचं. मग काळ्याभोर बिया कोण लांब थुंकतो याची पैज. बुरुजाच्या कडेवरून थुंकलेली बी खंदकात पडली तर दोन गुण, असा नियम त्याच दिवशी ठरतो आणि हरणाऱ्याला लगेच अमान्य होतो. शेळ्या दरम्यान कुणाच्या तरी तुरीत घुसतात. पुढचं पळणं हाही त्याच खेळाचा भाग आहे, फक्त त्यात शेतमालकही उतरतो.

कार्तिक पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, १९८५. मांजरसुंब्याच्या चौकात उभे राहा. इथे हे वर्ष दोन्ही बाजूंनी दिसतं.

एका अंगाने दिंड्या येतायत. नांदेड, लातूर, परभणी, कर्नाटकाच्या सीमेवरची गावं, गळ्यात लिंग, खांद्यावर पताका. जवळच कपिलधार आहे : डोंगराच्या कुशीत धबधबा आणि ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी. दिवसेंदिवस चालून आलेली ही माणसं धारेखाली उभी राहतील तेव्हा अभंगात आणि आरडाओरड्यात फरक उरणार नाही. भक्ती आणि मजा वेगवेगळ्या खणांत ठेवायची सवय शहरातली. इथली बाई धारेखालून निघते ती देवाचं नावही घेत असते आणि खदखदून हसतही असते. यांतलं खरं कोणतं असं तिला विचारण्याचा वेडेपणा करू नका.

दुसऱ्या अंगाने गाड्या निघाल्यात. बैलगाडीत भांडी, कोपीसाठी चटया, पेंढी, शेळी, कोंबडीची डालगी, आणि सगळ्यांच्या वर बसवलेलं एक पोरगं. ट्रकही आहेत, त्यांत माणसंच माणसं. टोळीतली एक बाई चालता चालता दिंडीपुढे वाकून नमस्कार करते, प्रसादाचा दाणा तोंडात टाकते आणि पुन्हा गाडीमागे लागते. तिचीही ही पायी वाटच. यात्रा तिच्या वाटेत आली, तिच्या वाट्याला आली नाही. गाडीवरचं पोरगं मात्र खुशीत आहे. घाट उतरताना गाडीला वेग येतो, बैलांच्या घुंगरांचा ताल बदलतो, आणि त्याला वाटतं आपण जत्रेलाच निघालो.

मार्गशीर्ष अमावस्या, १९३६. अंबाजोगाई. सरकारी कागदात गावाचं नाव मोमिनाबाद. वर्षभरापूर्वी इथे योगेश्वरी नूतन विद्यालय सुरू झालंय, मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ, आणि पोरांना देशाबद्दल जे सांगितलं जातं ते निजामाच्या पोलिसांना आवडण्यासारखं नाही. आज मात्र गाव रिकामं आहे. बाजार बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही. आज येळवस. वेळ अमावस्या म्हणून जी लातूर-धाराशिवकडे आणि जिल्ह्याच्या या अंबाजोगाई-केजच्या पट्ट्यात साजरी होते, ती.

तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही, पण बांधावरून गेलात की हाक येतेच. “या, या! असं कोरडं जायाचं नसतं आज.” शेतात कडब्याची कोप उभी, तिच्यात पांडव मांडलेले, चुना लावलेले पाच दगड. डोक्यावरून आणलेल्या टोपल्यांत भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि रंगवलेल्या मडक्यात आंबील. भज्जीत काय काय आहे हे मोजू नका : तूर, वाटाणा, हरभरा, शेंगदाणे, मेथी, चिंच, शेतात जे जे हिरवं आहे ते सगळं. एका शेतात पोटभर जेवलात की दुसऱ्या बांधावरून हाक. नाही म्हणालात तर भांडण. तिसऱ्या शेतात तुम्ही लिंबाखाली आडवे होता, आणि तुमच्या बाजूला आडवा झालेला माणूस, जात कोणतीही असो, तोही तसाच गार पडलेला असतो. पोरं झाडाला झोका बांधतात, आट्यापाट्यांची रेघ मारतात, हरभऱ्याचा टहाळ ओरबाडतात. संध्याकाळी पेंढीचा पेटता हेंडगा घेऊन तरणी पोरं शेताभोवती धावतात, ठिणग्या ज्वारीवरून उडतात आणि म्हातारे ओरडतात की कणसं जाळाल.

महाराष्ट्रात वनभोजनं पुष्कळ होतात, पण अख्खं गाव कुलूप लावून रानात जेवायला जातं असा दिवस मला दुसरा ठाऊक नाही. पर्यटन खात्याने त्याला हात लावू नये, एवढीच इच्छा.

याच गावाच्या माळावर अर्धशतक मागे जा. पौष, १८८५च्या आसपास. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी आहे. जमिनीत लाकडी मेख ठोकलेली, स्वार लांबून भरधाव येतो, वाकतो, भाल्याच्या टोकाने ती उपटून तसाच पुढे जातो. बघायला गावातली पोरं झाडावर चढलीत. साहेब लोक सकाळी डुकराच्या शिकारीला जातात. हाक्याला मात्र वाडीवरची माणसं. ज्याला आपण आज ‘आउटडोअर’ म्हणतो, म्हणजे काम नाही, देव नाही, नुसता व्यायाम आणि थरार, ते बालाघाटावर पहिल्यांदा बहुधा असं आलं, पगारी फौजेबरोबर. १९०३ मध्ये कंटिन्जंट संपली. पोरांनी त्यातून काय उचललं ते शेजारच्या हत्तीखान्यात बघा : जोगाईच्या लेण्यांपुढच्या दगडी हत्तींवर बसून ती काठ्यांचे भाले परजतायत. हत्ती शेकडो वर्षांचे, स्वार आठ-नऊ वर्षांचे.

माघ, फाल्गुन सरळ ओलांडा. वाड्या ओसाड असतात, बघण्यासारखं काही नसतं.

चैत्र, १९९८. पाडवा झालाय, टोळ्या परतल्यात, हिशेब झालाय. उचल फिटून चार पैसे हातात उरले असतील किंवा पुढच्या सालचं देणं डोक्यावर बसलं असेल, काहीही असो, जत्रा आहे. यात्रा चैत्रात येतात, तेव्हा वाडी पुन्हा भरलेली असते. आदल्या रात्री छबिना, आज संध्याकाळी कुस्त्यांचा फड. नांगरून मऊ केलेलं रान, भोवती गोल गर्दी, बाभळीवरही माणसं. हलगी कडाडते. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, सहा-सात वर्षांची पोरं, लंगोट सुटायच्या बेतात. मग नारळावरच्या. मग दहा रुपये, पन्नास, शंभर, आणि शेवटची कुस्ती ज्या आकड्यावर लागते तो आकडा पुकारणाऱ्याचा घसा बसेपर्यंत पुकारला जातो.

“घे घिस्सा! अरं घे ना!”

तुम्हाला डाव कळत नसला तरी हरकत नाही. शेजारचा माणूस तुमच्या खांद्यावर करून दाखवेल. या मातीतूनच पाटोद्याचा राहुल आवारे पुढे गेला : २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. ते मॅटवर, दिव्यांखाली. इथे जिंकलेला पोरगा गर्दीतून फिरतो आणि लोक त्याच्या हातावर नोटा ठेवतात, त्या मातीने माखतात, तो त्या आईकडे देतो.

वैशाख, १९७३. इथे कुणी खेळत नाही. लागोपाठ पावसाने दगा दिलाय, विहिरींचे तळ दिसतायत, जनावरं गेलीत. डोंगराच्या उतारावर शेकडो बायका-माणसं रांगेत : कुणी खडी फोडतंय, कुणी पाझर तलावाच्या भिंतीवर मातीची पाटी नेऊन ओततंय. हजेरी, मजुरी, पोरांना सुकडी, रेशनला लाल मिलो. सोबत थोडी पाटी उचला. बघत उभं राहिलात तर कुणी बोलणार नाही, पण ते बरं दिसत नाही. दुपारच्या सुट्टीत मात्र बारकी पोरं त्याच मुरमाच्या ढिगावरून पाटीत बसून घसरतात. मुकादम हाकलतो, ती पुन्हा चढतात.

बालाघाटावरचे कितीतरी घाटरस्ते आणि तलाव त्या काळातल्या दुष्काळी कामांचे. पुढे पाऊस झाल्यावर गावागावांतली पोरं त्या तलावांत पोहायला शिकली, कुणी कमरेला भोपळा बांधून, कुणी पांगाऱ्याचा बिंडा, आता प्लॅस्टिकचा कॅन. सकाळी घाटरस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळतात. खडी फोडणाऱ्यांची ती नातवंडं. भरती हा त्यांचा खेळ की नोकरीचा अर्ज, हे तेही सांगू शकणार नाहीत.

ज्येष्ठ. शाळा नुकत्या उघडल्यात, साल दोन हजारनंतरचं एखादं घ्या. आष्टी तालुक्यातलं मांडवा. शाळा सुमारे ६ किलोमीटरवर, वाहन नाही. दप्तर पाठीवर टाकून एक पोरगा निघालाय, आणि उशीर झालाय म्हणून पळतोय. अविनाश साबळे. खेळ वगैरे त्याच्या डोक्यात नाही. आई-बाप शेतात, वीटभट्टीवर राबणारे. पुढे हा लष्करात जाईल, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला, राजस्थानच्या वाळवंटात राहील, आणि मग कुणीतरी त्याला स्टीपलचेसमध्ये उतरवेल. ३००० मीटर, २८ अडथळे, शिवाय ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. बांध, काटेरी कुंपण आणि ओढा ओलांडत शाळेत गेलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटलं असणार. १९९८पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचीच ठरलेली होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला, पहिल्या केनियन धावपटूच्या अवघे पाच शतांश सेकंद मागे.

पण आज ज्येष्ठातली सकाळ आहे आणि त्याला हे काही माहीत नाही. तुम्ही त्याच्या मागे पळायला लागा. पहिला ओढा कोरडा आहे, दुसऱ्यात चिखल. तो दगडावरून दगडावर गेला, तुमची चप्पल रुतली. ती काढून हातात घेईपर्यंत तो बांधापलीकडे दिसेनासा झालाय. हजेरी सुरू व्हायच्या आत पोचला नाही तर मास्तर दाराबाहेर उभं करतात.